चपलांच्या ढिगातली मैना

कौसल्ये, तुझी मैना अजून जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझ्या बाकीच्या बोलण्याकडं तुझं लक्ष लागायचं नाही. लेक कसा आहे, सून कशी आहे, तेराव्याला बुंदी कशी झाली, यातलं तू काही विचारणार नाहीस. तू विचारशील, ‘आक्का, पिल्लानं पाणी पेलं का?’ पेलं. आज सकाळी वाटीत दोन-चार वेळा जीभ बुडवली. पण डॉक्टरनं बजावलंय, एवढ्यात हुरळू नका, अजून दोन-तीन दिवस काही खरं नाही. म्हणून मी हुरळलेली नाही. नुसती बसले आहे. तुझ्याच दारात, तुझ्याच पाटावर. समोर पोत्यावर ती पडली आहे. पुढच्या पायाला पट्टी, पट्टीखाली सुई, डोळे अर्धे उघडे. मध्येच ओकारी आल्यासारखी मान पुढं करते आणि काही येत नाही.

खरं म्हणजे मला तुझ्याशी भांडायचं होतं. मी थोरली जाऊ, या घरात मी आधी आले, जायचा नंबर माझा होता. आयुष्यभर तू माझ्या मागून चाललीस, इथंच कशी पुढं घुसलीस? दुपारचा चहा पिऊन जराशी आडवी झालीस ती झालीसच. कपसुद्धा विसळला नव्हतास. माझ्या भांड्याला राखेचा एक कण राहिला तर भिंतीपलीकडून बोलणारी तू, आणि तुझा उष्टा कप मला विसळावा लागला. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आठवतंय, पिल्लू आणलंस तो वडवणीच्या बाजाराचा दिवस होता. मेथी-कोथिंबीर विकून रिकामी पिशवी घेऊन येणारी बाई भरलेली पिशवी घेऊन आली. मी ओट्यावरून विचारलं, पिशवीत काय हाय. तू म्हणालीस, कोबी. आणि कोबीनं आतून कुंईऽ केलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजारात तू बसतेस त्याच्या मागं कापडवाल्याचं घर, त्याची कुत्री व्यालेली. नर पिल्लं लोकांनी डोळे उघडताच उचलून नेली. ही एकटी मादी राहिली. तो माणूस हिला गावाबाहेर रस्त्याला सोडून येणार होता; मादीचं सगळीकडं तेच करतात. तू त्याला थांबवलंस. पण लगेच उचललं नाहीस. दर बाजाराला जाऊन बघून यायचीस, आईचं दूध सुटलं का, आपलं आपण खाती का. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, कौशीला यायला उशीर होतो म्हणजे बाजार चांगला झाला.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ‘आणायचंच व्हतं तर मादी कावून आणली? दर सहा महिन्याला दारात वरात येईल.’

तू पिशवीतून तिला काढून पदरात घेत म्हणालीस, ‘मंग आपुन दोघी कोण हाव?’

मग मी नावावरून सुरू केलं. कुत्रीला मैना म्हणतीस, तर उद्या पोपट पाळलास की त्याला वाघ्या म्हणणार का? तू म्हणालीस, पोपट पाळायला घरात एक बोलणारा प्राणी कमी हाय का? आणि भिंतीपलीकडं माझ्याकडं बोट केलंस.

तू गंमत म्हणून तिला आणलं नव्हतंस, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. टमटममध्ये बसवून तिला पुन्हा वडवणीला नेलंस, डॉक्टरकडं. जंताचं औषध, लसीची पहिली सुई. आल्यावर मला सगळे नियम ऐकवलेस, जसे काय माझ्याच घरी पिल्लू आलंय. कांदा-लसणाचं घालायचं न्हाई. कोंबडीची हाडं घालायची न्हाई. नुसत्या दूध-भाकरीवर ठेवायची न्हाई. साखळी न्हाई. आणि सगळ्या सुया होईपर्यंत गल्लीत सोडायची न्हाई, गल्लीतल्या कुत्र्यांपाशी न्यायची न्हाई, उंबऱ्याच्या आत. तिला अंगणातसुद्धा तू कडेवर घेऊन फिरायचीस. मी विचारायची, बारसं कधी, पाहुण्यांना सांगायला लागंल. तू म्हणायचीस, ‘तू हस. तुला कुत्र्यातलं लई कळतं हे मला ठाऊक हाय.’

हा टोमणा कशावरून होता, ते आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि आता तर माझ्याशिवाय कुणालाच नाही. म्हणून सांगून टाकते. लोकांनी हसावं. मीही हसते.

मी लग्न होऊन आले तेव्हा अंगात रग लई. सातवी पास सून, आख्ख्या भावकीत एकटी. मला सगळं येतं असं मी पहिल्या आठवड्यात सासूबाईंना सांगून टाकलं होतं, त्यात ‘मला कुत्र्याची भीती वाटत नाही’ हेही होतं. शेतावर एक पिवळं कुत्रं होतं. ते मी भाकरी घेऊन गेले की माझ्याकडं बघून उभं राही आणि मी कडब्याच्या गंजीवर चढून बसे. वरून त्याला मोठ्या आवाजात दम देत असे. एक दिवस गंजीवर चढायला उशीर झाला आणि त्यानं पोटरीला दात लावले. घरी सांगितलं तर अब्रू जाणार. म्हणून मी काय केलं असेल? जखमेत मिरचीची पूड भरली, फडकं बांधलं, लंगडतेस का म्हणून विचारलं तर काटा मोडलाय म्हटलं. आणि मग आत भीती बसली. पिसाळलेलं असलं तर? पिसाळलेलं माणूस भुंकतं असं माहेरी ऐकलेलं. तर ही सातवी पास बाई रोज सकाळी दार लावून आरशापुढं उभी राहायची, जीभ काढून बघायची, दात बघायची, आणि हळूच भुंकून बघायची, येतंय का ते. किती महिने हे चाललं, आता सांगायलाही लाज वाटते.

तू तेव्हा नुकतीच नांदायला आलतीस. एक दिवस दार नीट लागलं नव्हतं. मी आरशापुढं हळूच ‘भो’ केलं आणि मागं बघते तर तू तांब्या घेऊन उभी. तू हसली नाहीस. गंभीरपणे जवळ आलीस, माझी हनुवटी धरलीस, तोंड उजेडाकडं वळवलंस आणि म्हणालीस, ‘आक्का, अजून सुळे वाढले न्हाईत. पर उद्या परत बघूत.’ तोवर तू मला अहो आक्का म्हणायचीस. त्या दिवसापासून अगं आक्का झालं.

ते कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, एवढंच. त्यात माझी अक्कल काही नव्हती. पुढं गावात कुत्र्याला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा असला की त्याचं डोकं धरायला मला बोलवायचे. मला कुत्रं चावून मी जगले होते ना, म्हणजे अनुभवी. आणि मी ऐटीत जायची. कुत्रं खात नाही, डाग द्या. ओकतं, डाग द्या. कुत्री मरायची, आणि आम्ही म्हणायचो, डाग उशिरा दिला. तुला हे माहीत होतं. म्हणून तू पिल्लाची पहिली सुई करून आलीस त्या दिवशी मला मुद्दाम सांगितलंस, पिसाळायची सुईसुद्धा वेळ झाली की देणार हाय, ‘न्हाई तर ही चावायची आन् तू परत आरशापुढं उभी राहायचीस.’

हे सगळं ठीक. पण एक गोष्ट तू विचारायचीस, आणि तिचं उत्तर मी कधी दिलं नाही.

मैना आल्यावर चार दिवस गेले असतील. तिला पायावर घेऊन तू गोचिड शोधत होतीस. शोधता शोधता म्हणालीस, ‘आक्का, हे बारा-चौदा वर्सं जगंल. माझ्यामागं हिला कोण?’ मी म्हटलं, ‘तुझ्यामागं मी कुठं असणार? मी तर आधीच वर जाऊन तुझी जागा धरून ठेवणार.’ तू हसलीस. थोड्या दिवसांनी परत विचारलंस. मी म्हटलं, तुझ्या दत्ताच्या गळ्यात बांधू, लेक नोकरीवाला आहे, त्याला परवडंल. परत एकदा विचारलंस तेव्हा तू हसत नव्हतीस, आणि मी तरीही थट्टाच केली. मला वाटलं, हो म्हटलं तर तू मरायची तयारी करशील. बघ, काय डोकं आहे. जशी काय मी हो म्हणायची थांबले म्हणून तूही थांबणार होतीस.

आणि मग तू गेलीस, आणि दारात चपला साचायला लागल्या.

दुखवट्याला माणसं किती आली, तुला बघायला मिळायला हवं होतं. तुझ्या मेथीची गिऱ्हाईकंसुद्धा आली. आपल्याकडं बायका येतात त्या लांबूनच आवाज काढत येतात, दारात गळ्यात पडतात, मग आत बसतात, मग चहा, मग तुझं कौतुक, मग स्वतःच्या सुनांची गाऱ्हाणी. एक घोळका उठला की दुसरा. आणि प्रत्येकीची चप्पल उंबऱ्याशी. शेतातून आलेल्या, बाजारातून आलेल्या, नांदूरघाटाकडून पाहुणे आले त्यांच्या बसस्टँडवरून आलेल्या. मैनीला तू उंबऱ्याच्या आत ठेवलेलंस, आणि आम्हीही ठेवलं, बाहेर सोडलं नाही. ती उंबऱ्यावरून पुढं वाकून त्या ढिगात नाक घालायची. एकेक चप्पल हुंगायची, बाजूला सारायची, दुसरी हुंगायची. मग ओढून आत आणायची आणि त्यांच्यावर झोपायची.

बायका म्हणायच्या, बघा, मालकिणीची चप्पल हुडकतंय बिचारं. आणि पदर डोळ्याला लावायच्या. मलाही रडू यायचं, कौसल्ये. तुझी चप्पल दत्तानं पहिल्याच दिवशी बाजूला टाकली होती, तिला ती कशी सापडणार? ते बघून सगळ्यांना रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आम्ही तिला तिथंच झोपू दिलं. उलट येणारी प्रत्येकजण तिला काहीतरी घालायची. कुणी बिस्कीट, कुणी शेव, कुणी लेकराला आणलेला पेढा. पोरकं झालं म्हणून.

त्याच आठवड्यात तिची दुसरी सुई होती. तुझ्या सुनेला, मनीषाला, ते माहीत होतं, कारण तू तिला फोनवर सांगितलं होतंस. तिनं मला विचारलं, भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. आता बघ आपली रीत. सुतकात कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला कुणी आडवं येत नाही. गाय अडली तर डॉक्टर येतो. पण मैना आजारी नव्हती. टुणटुणीत होती, चपलांवर उड्या मारत होती. चांगल्या जनावराला घेऊन सुतकातली माणसं बाजाराच्या गावी कशाला जातील? सगळे म्हणाले, दहावं झाल्यावर बघू. मीही मान हलवली. सुई ही आजारी पडायच्या आधीच द्यायची असते, ही साधी गोष्ट त्या ओसरीवर बसलेल्या एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आली नाही. तू असतीस तर आली असती. पण तू असतीस तर सुतक कशाला असतं?

दहाव्याच्या सकाळी ती उठली नाही. शेवेनं पोट बिघडलं असेल म्हणून मी ताक द्यायला गेले, तर तोंड फिरवलं. मग ओकली. पिवळं, फेसाळ. मग हगवण लागली, आणि त्यात रक्त. वास असा की मला तो पन्नास वर्षांपूर्वीचा ओळखीचा वाटला. शेतावरची पिल्लं अशीच जायची, एकामागून एक, आणि आम्ही डाग द्यायचो.

बाहेर माणसं नदीवर निघायच्या तयारीत. कुणी म्हणालं, मोठीआई, आता कुत्र्याचं राहू द्या. मी मनीषाकडं बघितलं. तिनं दत्ताच्या मोटारसायकलची चावी घेतली. पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधली. मी तुझी वाकळ ओढली, तिच्यात मैनीला गुंडाळलं आणि मागं बसले. दहाव्याला थोरली जाऊ घरात नाही, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. कावळा लगेच शिवला असं दत्ता नंतर म्हणाला. मला ते खरं वाटत नाही. तू कुणाचं इतक्या लवकर ऐकणारी नव्हेस.

डॉक्टर तोच, ज्यानं पहिली सुई दिली. तरणा पोरगा आहे, बोलतो कमी. त्यानं मैनीचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसली नाही. अंगात पाणी उरलं नव्हतं. तो सलाईन लावता लावता विचारत होता. बाहेर सोडत होता का? मी म्हटलं, न्हाई, उंबऱ्याच्या आतच ठेवलीय पहिल्यापासून. मग त्यानं विचारलं, घरी कोण येऊन-जाऊन आहे का?

मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘साहेब, सगळं गाव येऊन गेलं.’

मग त्यानं सांगितलं. हा रोग पिल्लांचा, माणसाला होत नाही. पण माणूस तो आणतो, चपलेच्या तळाला, चाकाला, कपड्याला. आजारी कुत्रं जिथं हगलं असेल तिथली माती महिनोन् महिने तो धरून बसते. म्हणून सुया पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला बाहेरच्या मातीपासून लांब ठेवायचं. एक सुई झाली म्हणजे पिल्लू पक्कं झालं असं नाही, दुसरी-तिसरी वेळेवर लागते. तो कुणाला बोल लावत नव्हता. हात चालू होते आणि सांगत होता. मी मात्र तिथल्या स्टुलावर बसले. त्या चपला माझ्या डोळ्यापुढं आल्या. तुझ्यावरच्या मायेनं आलेली माणसं, कौसल्ये. एकानं सुद्धा वाईट मनात आणलं नव्हतं. तुझ्यासाठी रडायला आली आणि तुझ्या लेकरासाठी मरण पायाला लावून आली, आणि आम्ही त्या चपला तिच्या अंथरुणाला दिल्या.

‘वाचंल का?’ मी विचारलं.

‘सांगत नाही,’ तो म्हणाला. ‘रोज आणावं लागेल. तिला एकटं ठेवायचं नाही, कोरडं ठेवायचं, तोंडानं बळंच काही घालायचं नाही. हे करणारं माणूस पाहिजे. मालक कोण?’

मी म्हटलं मालकीण वारली. तो सुईवर चिकटपट्टी लावत म्हणाला, ‘ते कळलं. आता कोण?’

त्यानं सहज विचारलं असेल. दवाखान्यात कुणालाही विचारतात. पण मला तुझाच आवाज ऐकू आला, गोचिड शोधताना यायचा तसा, आणि तिथं थट्टा करायला जागा नव्हती. मैनीच्या पायात सुई होती आणि ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मी म्हटलं, ‘मी.’ माझाच आवाज मला लहान वाटला. हे उत्तर तुला हवं होतं ना? तुला ऐकवलं असतं तर एवढं अवघड गेलं नसतं.

येताना मनीषा हळू चालवत होती. मध्ये रस्ता खराब, मैना माझ्या मांडीत. आणि मला हिशेब सुचायला लागला. मी कितीची, हिचं आयुष्य किती. तू जो प्रश्न मला घातलास तोच आता मला कुणाला तरी घालावा लागणार. दत्ता तर आदल्या दिवशीच म्हणाला होता, मोठीआई, या वयात हे लचांड कशाला, तेरावं झालं की शेतावर सोडू. त्याचं चुकीचं आहे असं नाही. त्यानं शेतावरचीच कुत्री बघितली आहेत. मी मनीषाच्या पाठीला म्हटलं, ‘मी गेल्यावर हिला कोण, मनीषा?’

मला वाटलं ती म्हणंल, मोठीआई, असं काय बोलता, तुम्ही शंभर वर्षं जगणार. सगळ्या सुना तसंच म्हणतात. तिनं गाडी बाजूला घेतली, मान वळवली आणि म्हणाली, ‘मी नेईन. पर हिला माझी सवय आत्तापासून लावायची. म्हयन्यातून चार दिवस माजलगावला आमच्याकडं. आन् मोठी झाली की ऑपरेशन करून घ्यायचं, पिल्लं सांभाळायला मी एकटी पुरायची न्हाई.’ आणि गाडी सुरू केली. झालं. तुला मी महिनाभर जे दिलं नाही, ते तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून दिलं. तू सून कशी बघितलीस याबद्दल मी दत्ताच्या लग्नातल्या त्या सगळ्या तक्रारी मागं घेते. रंगानं सावळी आहे असं मी तेव्हा म्हणाले होते. माझं तोंड तेव्हा काय आरशात बघायच्या लायकीचं होतं ते तुला माहीत आहेच.

तेव्हापासून रोज वडवणी. जाताना मैना वाकळीत, येताना वाकळीत. सलाईनचं पाणी आणि तिचं रक्त, सगळं त्या वाकळीत मुरत गेलं. तेराव्याला पंगती उठल्या तेव्हाही मी मागच्या खोलीत तिच्यापाशी होते. पाहुण्यांना मनीषानं सांगितलं, मोठीआईला बरं नाही. खोटं नव्हतं ते.

काल डॉक्टर म्हणाला, जरा आशा आहे. आणि मग म्हणाला, ज्यात आणता ते घरात ठेवू नका. हिची खोली ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा, अंगण धुवा, उंबरा धुवा. हिचं हगलेलं खड्डा करून पुरा. आणि ती वाकळ जाळा.

मी म्हटलं, धुते. उकळत्या पाण्यात घालते. तो म्हणाला, इतकी जाड वाकळ आतपर्यंत निर्मळ होत नाही, आजी.

ही वाकळ मी चोरलेली होती, हे तुला आता सांगते. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दत्तानं ते स्मशानाकडं न्यायला बाहेर काढलं होतं. पिल्लू उंबऱ्याशी ओरडत राहिलं म्हणून मी ती वाकळ माझ्या घरात दडवली आणि गादी तेवढी जाऊ दिली. पिल्लासाठी दडवली, असं मी स्वतःला सांगत होते. पहिल्या दिवसापासून दुपारी दार लावून मीही तिच्यात तोंड घालत होते. या वयात लोकांना काय सांगायचं, म्हणून नाही सांगितलं.

मी रात्रभर काही विचार करत बसले नाही. विचार करायला जागा नव्हती. हापशाजवळ बाभळीखाली एका गल्लीतल्या कुत्रीनं पिल्लं घातली आहेत, अजून नीट चालत नाहीत. ती आई रोज तुझ्या दारात शिळंपाकं शोधायला येते. उद्या तिची पिल्लंही मागं येतील. त्यांना कोण सुया देणार? ती वाकळ मी ओट्यावर वाळत घातली असती तर तुझ्या आठवणीसाठी म्हणून मी ती सगळी मारली असती.

आज सकाळी परसात नेली. सुटी करायला घेतली, तर आत एकाखाली एक आपली सगळी घरातली माणसं. सासूबाईंचं काळं लुगडं. तुझा लग्नातला हिरवा शालू, विरलेला. माझं एक निळं पातळ, जे मी हरवलं म्हणून तुझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते. तू ते वाकळीत शिवून टाकलं होतंस आणि माझ्याकडं बघून गप्प बसली होतीस. मनीषा रॉकेल घेऊन उभी होती. तिनं विचारलं, एखादा तुकडा कापून ठेवू का. मी म्हटलं, नको. एका तुकड्यात रोग कमी असतो का? तिनं काडी लावली. कापडाचा जाड थर जळायला लई वेळ लागतो, नुसता धुमसतो. मी काठीनं उलटत राहिले.

मग तुझी खोली. पांढरी भुकटी पाण्यात कालवून मनीषानं फरशी धुतली, मी कोपरे पुसले, भिंतीच्या खालचा भाग, दाराची चौकट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या वासानं. निदान बाहेरून गेलेल्या माणसांनी तसंच समजावं. झाल्यावर मी आत उभी राहून श्वास घेतला. तुझ्या खोलीत नेहमी ओल्या मेथीचा आणि खोबरेलाचा वास असायचा. आता नाही. दवाखान्याचा वास आहे. तू कुठंच उरली नाहीस, कौसल्ये. ते मी माझ्या हातानं पुसलं, आणि तुझ्याच नियमानं पुसलं.

दारावर मनीषानं कागद चिकटवलाय, चपला बाहेर रस्त्यावर काढा, पिल्लाला हात लावू नका. कुणी कुणी रागावलं. मी म्हटलं, रागवा.

आता पोत्यावर मी माझं जुनं लुगडं अंथरलं आहे. तिला तुझा वास मिळणार नाही, कुठंच नाही, तिला माझ्याच वासाची सवय करावी लागणार. मिश्री, झंडू बाम लावलेले गुडघे आणि चूल, एवढंच माझ्यापाशी आहे. माझा वास कसा आहे हे मला कधी कुणी सांगितलं नाही; सांगितलं असतंस तर तूच, आणि चांगलं नसतं सांगितलं. लुगडं टाकलं तेव्हा तिनं बराच वेळ हुंगलं, मग सरकत सरकत पोत्याच्या उघड्या कडेला गेली. तिथंच पडली आहे, लुगड्याला अंग न लावता. मी ते हळूच तिच्या नाकापाशी सरकवलं. तिनं मान वळवली.

थोड्या वेळानं परत सरकवीन.